आखाजीच्या घागरी आणि जांभळी विहीर

सरकारनं काय करावं, हे सरकार सोडून आमच्या सगळ्या गावाला माझ्याकडून कळलेलं होतं.

मी कुंभार. गिरणेच्या काठी, भडगावपासून बैलगाडीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. दारात निंबाचं झाड, झाडाखाली चाक. मडकं न्यायला आलेला माणूस मडकं हातात पडेपर्यंत जाणार कुठे? त्याला बसावं लागायचं आणि बसला की ऐकावं लागायचं. चाक थांबलं तरी माझं तोंड आणखी दोन-चार फेरे घ्यायचं.

शाळा मी बाहेरून पाहिलीय. शाळेची कौलं गाढवावरून नेऊन टाकायचो आणि छपरावर चढलेल्या माणसांना खाली उभं राहून सूचना द्यायचो, तेवढीच. सहीच्या जागी अंगठा. तोही मातीत राहून इतका घासला गेलाय की तलाठी वैतागतो. म्हणतो, "तुझा अंगठा उठतच नाही, दुसरं बोट दे." म्हणजे अंगठेबहाद्दर म्हणायचीही माझी लायकी नाही. हे सगळं शाळेचे मास्तर लिहून घेताहेत. घरात, गल्लीत आम्ही अहिराणी बोलतो. मास्तरांसाठी मी जरा शहरी बोलतोय, पण बाया माझ्याशी भांडल्या ते त्यांच्याच बोलीत सांगीन, नाहीतर त्या शिव्यांची चव जाईल.

तर माझी मतं. रस्त्यावर मुरूम टाकावा, सरकारनं. दवाखाना काढावा, सरकारनं. घराघरातून पोरं उचलून शाळेत बसवावीत, सरकारनं. माझी स्वतःची पोरगी कधी शाळेत गेली नव्हती, पण ते या मतात बसत नव्हतं म्हणून मी ते बोलत नसे. सगळ्यांत पक्कं मत कोंडवाड्याबद्दल होतं. मुक्या जनावराला कोंडून ठेवणं हा कुठला न्याय, कोंडवाडे मोडून टाकावेत, असं मी एकदा चावडीवर तावातावानं बोललो. पाटील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे मत तुझं का तुझ्या गाढवांचं?" माझी तीनही गाढवं त्या वेळी कोंडवाड्यातच होती. पाटलांच्या मळ्यातली कोथिंबीर खाल्ली होती त्यांनी.

आता ती गोष्ट.

त्या साली चैत्र सरता सरता नदीच्या वरच्या अंगाला दोन गावांत मरी लागली. पटकीची मरी, उलट्या-जुलाबांची. हा शब्द निघाला की माझं तोंड बंद व्हायचं. माझी आई त्यातच गेली होती. मी तेव्हा बारका होतो. सकाळी तिनं भाकरी थापल्या होत्या आणि दिवस मावळायच्या आत तिला नेलं. औषध म्हणून कुणी काही दिलं नव्हतं, द्यायला नव्हतंच काही. त्यामुळं या वेळी मरीची बातमी आली आणि मी दोन दिवस गप्प होतो. बायकोला वाटलं, मलाच काही झालं.

त्यात पोरगी आखाजीला माहेरी येणार होती. पहिलटकरीण, सातवा महिना. जावयाला निरोप धाडला, पाठवू नका. निरोप पोचायच्या आधी पोरगी पोचली. गाडीतून उतरली ती म्हणाली, "आबा, झोका बांधला का?" या अंगानं झोक्यावर बसणार होती ती!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आमच्या खानदेशात दिवाळी एकीकडे आणि आखाजी एकीकडे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके लागतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, सालही याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. आणि घरोघरी पूर्वजांच्या नावानं कोरी घागर भरतात. घागर विहिरीच्या ताज्या पाण्यानं भरायची, वर छोटं मडकं, त्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पूजा करायची. मग त्यातलं पाणी घरातले सगळे पितात. या घागरी मी करतो. फाल्गुनापासून दोन महिने माझं चाक आखाजीसाठीच फिरतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मी ते विसरलो होतो.

आखाजीला तीन दिवस होते तेव्हा तालुक्याहून आरोग्य खात्याचा एक माणूस सायकलवर आला. सगळे त्याला औषधवाला साहेब म्हणाले. चावडीवर त्यानं पत्र्याचा डबा उघडला. आत काळपट जांभळे, चमकणारे खडे. म्हणाला, हे लाल औषध. विहिरीत टाकायचं. दिवस मावळताना बादलीत कालवून सोडायचं, सकाळपर्यंत रंग उतरतो, मग पाणी प्यायचं. नदीच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ही जोखीम एकाच माणसानं घ्यायची, दहा जणांनी नाही.

आता आदल्याच दिवशी मी चावडीच्या पायरीवर तोंड उघडलं होतं. विहीर सरकारनं साफ ठेवावी, असं म्हणालो होतो. आणि सरकारला जमत नसेल तर गावातल्या जबाबदार माणसानं ठेवावी, असंही. हे दुसरं मी नुसतं वाक्य पुरं करायला जोडलं होतं.

पाटील साहेबाला म्हणाले, "जबाबदार माणूस आमच्याकडे तयारच आहे."

सगळ्या चावडीनं माझ्याकडं पाहिलं. मीही मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

साहेबानं काडेपेटी काढली, काड्या खिशात टाकल्या आणि आतलं खोकं औषधाच्या डब्यासकट माझ्या हातात दिलं. "हे एक खोकं भरून. जास्त नाही, कमी नाही." मी मान हलवली. बाहेर आलो आणि पहिलं काम काय केलं? दवंडीवाल्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, गावाची दवंडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं. त्याला ऐटीत सांगितलं, "दवंडी दे. नदीचं पाणी कुणी पिऊ नये." त्यानं डफ उचलला आणि सगळ्या गल्ल्यांतून खणखणीत ओरडत गेला. मला वाटलं, अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी मावळतीला मी डबा घेऊन विहिरीवर गेलो. काडेपेटीचं खोकं काढलं आणि विहिरीत डोकावलं. एवढी मोठी विहीर आणि एवढंसं खोकं! सरकार नेहमी हात आखडून देतं, हे माझं जुनं मत. शिवाय आमच्या धंद्यात माप म्हणजे मूठ. मातीत राख किती? मूठ. लीद किती? मूठ. जन्मभर मुठीनं मोजलेल्या माणसाला खोक्याचं काय कळणार? मी डब्यात हात घातला आणि एक मूठ बादलीत टाकली. मग वाटलं, मरी दोन गावांत आहे. म्हणून दुसरी टाकली. बादली सोडली, हलवली, आणि घरी येऊन छाती काढून जेवलो.

सकाळी मला चिमण्यांनी नाही, बायांनी उठवलं.

विहिरीवर सगळ्या गल्ल्यांच्या बाया. पुढं अक्का. अक्का म्हणजे पाटलांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरीच राहिलेली. पाटलांना सगळं गाव भ्यायचं आणि पाटील अक्काला. तिनं पोहरा ओढून माझ्या पुढ्यात आपटला.

"हाई पानी शे का वांगास्ना रस्सा?"

पाहिलं तर खरंच. जांभळं! भरताच्या वांग्यासारखं गडद. पोहऱ्याच्या आत हात घातला तर बोटं दिसेनात.

मागून कुणी ओरडलं, "माय व! बठ्ठी विहीर जांभळी व्हई गयी!"

"आज घागर भरानं पानी भरी ठेवानं, उद्या आखाजी," अक्का म्हणाली. "मना सासरा जलमभर पांढरं धोतर नेसे. त्याले हाई पाजू का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या गावाच्या घागरी मी केल्या, रांगा लावून दारात सुकवल्या, भाजल्या, आणि घागरीत काय भरतात तेच मी विसरलो होतो.

मी काय केलं असेल? खोटं बोललो. पाटील आले, त्यांना म्हणालो, "औषधच जालीम निघालं हो. मी मोजून एक खोकं टाकलं."

पाटील म्हणाले, "हात दाखव."

उजवा हात मी मागं घेतला. त्यांनी ओढून पुढं केला. तळहात, बोटं, नखं, सगळी तपकिरी, खैराच्या लाकडासारखी. रात्रीपासून तीन वेळा धुतला होता, राखेनं घासला होता. घाम लागला की ते औषध कातडीला धरून बसतं, हे साहेबानं सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी तेव्हा साहेबाची सायकल बघत होतो.

"खोक्यात हात जातो का रे तुझा?" पाटील म्हणाले. बाया हसल्या. हसल्या म्हणजे बरं झालं असं नाही. अक्का हसली नव्हती.

"चाला व," ती म्हणाली, "नदीवर जाऊत. झिरा खोदूत. पूर्वजांस्ले गिरणामायनं पानी."

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत केलेला खड्डा, त्यात पाणी झिरपून येतं. दिसायला काचेसारखं निर्मळ. पण वरच्या गावांत मरी होती, आणि तिथले लोक मेलेल्यांच्या गोधड्या त्याच नदीत धूत होते. बायांनी घागरी भरल्या की ते पाणी आखाजीला घरोघर सगळे पिणार होते. आणि त्या घोळक्यात माझी पोरगी उभी होती, कमरेवर कळशी घेऊन.

मी म्हटलं, "तू कुठं?"

"सगळ्या जाताहेत आबा. तुमचं पाणी कोण पिणार?"

मला माझ्या आईच्या भाकरी आठवल्या. मी घरी पळालो. पळालो हे खरं, बायका अजून सांगतात की कुंभार घाबरून पळाला. पण पळता पळता माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. घागरी अजून माझ्या अंगणात होत्या. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या मी घरोघर देतो, बदल्यात सुगीला धान्य मिळतं, ही रीत. कोऱ्या घागरीवाचून आखाजी नाही. मी अंगणाच्या तोंडाशी आडवा बसलो, मागं सगळ्या गावाच्या घागरी.

बाया घागरी न्यायला आल्या.

"घागर मिळणार नाही," मी म्हटलं. "नदीच्या पाण्यासाठी एकही मिळणार नाही."

असा हरताळ तोवर आमच्या गावात कुणी केला नव्हता. अक्का म्हणाली, "वरना गावना कुंभारकडथीन आनसूत."

"तो माझा साडू आहे," मी म्हटलं. "आणि त्याच्याच गावात मरी आहे. आणा, त्याच्या घरातूनच आणा."

त्यावर कुणाचंच पाऊल त्या वाटेला वळलं नाही. माझी बायको दारातून म्हणाली, "हाई माणूस जलमभर बोलना, पन आज खरं बोलना." जन्मभर बोललो ते बोललो, पण खरं आज बोललो, असं जन्मात तिनं मला दिलेलं हे एक प्रशस्तिपत्रक. लगेच पुढं म्हणाली, "पन करी काय टाकं त्यानी!" म्हणजे प्रशस्तिपत्रक परत घेतलं.

गाव अडलं. मी तर केव्हाचाच अडलो होतो, कारण बसलोय खरा, पण पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. वाट काढली पोरीनं. ती कळशी ठेवून माझ्यासमोर टेकली आणि म्हणाली, "आबा, चाकावर मडकं बिघडलं तर काय करता तुम्ही?"

"मोडतो. परत माती कालवतो."

"मग विहीर उपसा ना."

वैशाखाचं पाणी, विहीर तळाला गेलेली. एका बाजूला जुन्या मोटेची धाव होती, जिथून बैल मोट ओढतात. दोन जोड्या लागल्या तर दिवस मावळायच्या आत जांभळं पाणी निघालं असतं आणि झऱ्यांचं नवं पाणी भरलं असतं. मी पाटलांकडं गेलो. पाटील म्हणाले, "बैल आहेत, मोट आहे. हाकणार कोण? साल संपतंय म्हणून माझे सालदार कालच आपापल्या गावी गेले. सगळ्यांचेच गेले. परवाशिवाय कुणी हाताला लागायचा नाही."

मी म्हटलं, "पाटील, तुम्ही."

असं मी म्हणायला नको होतं. पाटलांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला कोंडवाड्यातली माझी गाढवं सुखी वाटायला लागली. पण अक्का मागं उभी होती. ती भावाला म्हणाली, "तुले मोट हाकता येस का भूली गया?"

पाटलांनी पागोटं काढून तिच्या हातात दिलं.

त्या दुपारी आमच्या गावात जे दिसलं ते पुन्हा दिसलं नाही. जमीनवाले बापे स्वतः बैल हाकत होते. बैल धाव उतरायला लागले की हाकणाऱ्यानं नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसायचं असतं, वजनानं मोट सरसर वर येते. पाटील नाड्यावर बसले आणि बैल दोन पावलं आपोआपच पळाले. मोट फाडकन वर आली आणि निम्मी पाटलांच्या अंगावर सांडली. पांढरा सदरा जांभळा. पोरीबाळी हसायला लागल्या. पाटीलही हसले. मारवाडी दुकानदार, ज्यानं जन्मात बैलाची शेपटी धरली नसेल, तोही धोतर खोचून आला. बैलांनी त्याचं काही ऐकलं नाही, पण आला.

मी खाली उतरलो, तळाचा गाळ काढायला. गाळात काय असावं? खापरं. ढिगानं. सगळी माझ्या हातची, काठाला माझी दोन बोटांची खूण. गावातल्या बायांना मी कायम सांगत आलो होतो, माझी घागर फुटतच नाही, फुटली तर तुमची चाल वाईट. आता टोपल्या भरभरून ती खापरं वर जात होती आणि वरून एकेकीचा आवाज येत होता, "हाई मनी!" "हाई पन मनीच!" मी वर आलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत जांभळा होतो. पोरगी म्हणाली, "आबा, भाजले की खापरासारखे दिसाल."

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मोटेचं पाणी पाटानं वाहत गावाबाहेर चाललं होतं. मी हातपाय झाडायला त्या पाटाच्या कडेनं गेलो. पुढं वळणावर दवंडीवाला म्हातारा बसला होता, त्याच्या वस्तीतली चार-पाच माणसं होती, आणि पाटातलं ते जांभळं पाणी ओंजळीनं मडक्यात भरत होती.

मी म्हटलं, "अरे, हे कशाला? हे आम्ही टाकून देतोय."

तो उभा राहिला. "दादा, जांभळं का होईना, औषधाचं तर आहे. नदीचं पाणी पिऊ नका अशी दवंडी तुमच्या सांगण्यावरनं मीच दिली. घरी गेलो तर म्हातारी विचारते, मग आपण काय प्यायचं? आपला झिरा नदीतच. मला काही सांगता येईना."

रागानं नाही बोलला. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मला साहेबाचं बोलणं आठवलं, नदीच्या पाण्याला हात लावू नका. दवंडी आठवली, मी किती ऐटीत दिलेली. गावची विहीर, गावची जोखीम, असं मी चावडीवर बोलत होतो तेव्हा माझ्या डोक्यातलं गाव कुठं संपत होतं? शेवटच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. त्या वस्तीची मडकीही मीच करत होतो. त्यात ते काय भरतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. पूर्वजांना पाजायला जे पाणी आम्हाला चालत नव्हतं, ते हा माणूस पोराबाळांना पाजायला भरत होता, आणि वर मला दादा म्हणत होता.

सरकारचा कागद निघालाय, सरकारी विहिरी सगळ्यांना मोकळ्या, असं मी कुठंतरी ऐकून होतो. त्यावरही माझं मत होतं, चांगलं मत होतं. निंबाखाली बसून दिलेलं.

दिवस मावळताना विहिरीत नवं पाणी चढलं. औषध या वेळी पोरीनं टाकलं. काडेपेटीचं खोकं सपाट भरलं, वरचे खडे बोटानं खाली पाडले. मला हात लावू दिला नाही. डब्यात राहिलं ते घेऊन मी म्हाताऱ्याबरोबर त्यांच्या झिऱ्यावर गेलो, पण झिरा म्हणजे वाहती नदीच, तिथं खोकं काय आणि डबा काय. म्हणून सकाळी मी अक्काला म्हटलं, "मरी टळेपर्यंत त्या वस्तीला पाणी विहिरीवरचं. मी आणि माझी बायको ओढून देऊ."

अक्कानं माझ्या तपकिरी हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू वढ. मी काही दखं नही." म्हणजे तिनं काही पाहिलंच नाही.

दीड महिना आम्ही पाणी ओढलं आणि त्यांच्या मडक्यात ओतलं. हे सांगताना लोक मान डोलावतात, म्हणून पुढचंही सांगतो. मी दोर म्हाताऱ्याच्या हातात दिला नाही. द्यायला हवा होता. तेवढी छाती माझ्यात नव्हती, आणि मी बोलणारा माणूस, तेवढे दिवस तोंड न उघडता नुसता ओततच राहिलो. त्याच्या मुलाच्या हातात तो दोर गेला, पण पुष्कळ वर्षांनी, आणि मी दिला म्हणून नाही, त्यानं घेतला म्हणून. मी बाजूला उभा होतो. आडवा झालो नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

आता परत त्या आखाजीच्या सकाळी. पोहरा वर आला, पाणी पांढरं स्वच्छ. अक्कानं ओंजळीत घेतलं, वास घेतला, प्यायली, आणि पहिली घागर तिनं उचलली. दुपारपर्यंत माझ्या सगळ्या घागरी गेल्या. निंबावर झोके चढले. माझी पोरगी झोक्यावर बसली नाही, खाली उभं राहून गाणी म्हणाली आणि दुसऱ्यांना झोके दिले. माझ्या जिवात जीव आला.

पूजेला घरात गेलो तर आमची घागर मांडलेली. डांगर, आंबा, सगळं जागच्या जागी. पण घागरीला बाहेरून तपकिरी ओघळ.

"हे काय?" मी म्हटलं.

बायको म्हणाली, "कालदिन सकाळेच भरी ठेवी मी. ज्यानी कालवं, त्याना मायबापनी पेवानं."

म्हणजे सगळ्या गावाचे पूर्वज पांढरं पाणी प्यायले आणि माझेच तेवढे जांभळं. एका दिवसात कोऱ्या मातीनं त्याचा रंग शोषून घेतला होता, पाणी चहासारखं झालं होतं. मी रागावणार होतो. मग आईचं नाव घेऊन हात जोडले आणि हसूच फुटलं. मरीच्या साली तिला औषध मिळालं नव्हतं. इतक्या वर्षांनी मिळालं. जरा जास्तच मिळालं.

त्या साली आमच्या गावात मरी आली नाही. वस्तीतही नाही. अक्का म्हणायची पूर्वजांमुळे, पाटील म्हणायचे त्यांनी मोट हाकल्यामुळे, मारवाडी दुकानदार म्हणायचा बैलांनी त्याचं ऐकल्यामुळे. आषाढात पोरीला मुलगी झाली. औषधवाला साहेब पुन्हा आला तेव्हा मी त्याला माझं शेवटचं सरकारी मत सांगितलं: डब्यासोबत माप सुतळीनं बांधून पाठवा. तो माझा हात बघून खूप हसला. पुढच्या साली डबा आला त्यात पत्र्याचा चमचा होता, डब्याला बांधलेला. मी गावात सांगत फिरलो, हा चमचा माझ्यामुळे. खरं म्हणजे प्रत्येक गावात माझ्यासारखा एखादा निघालाच असेल.

आता म्हणतात स्वराज्य दारात आलंय. येऊ दे. चांगलंच आहे. मला एवढीच काळजी आहे की सरकार आपलं झालं की "सरकारनं करावं" असं म्हणताना माणसं आपल्याकडंच बघतील, आणि मी मागं वळून बघितलं तर मागं तीच चावडीची भिंत असेल. म्हणून हल्ली कुणी मत विचारलं तर आधी विचारतो, काम किती आहे?

ती तपकिरी घागर मी फोडली नाही. डाग काही जाईना, पण गळत नव्हती. माझ्या हातच्या घागरींत तीच एक इतकी टिकली. निंबाखाली चाकाशेजारी मांडून ठेवलीय, वर झाकण, झाकणावर पाणी घ्यायची डवली. रोज सकाळी बायको भरते. येणारा-जाणारा, गावचा, वस्तीवरचा, ज्याला तहान लागेल तो डवली घालून पितो. ओतून द्यायला मी उठत नाही. मास्तर, तुम्हीही घ्या, केव्हाचे लिहिताय.